फिट्झरॉयचा स्विमिंग पूल: कौन्सिल गेली, तलाव राहिला

रेटिंग आधीच सांगून टाकते, पाचपैकी साडेचार. अर्धा कशाला कापला ते खाली येईलच. मेलबर्नमध्ये पोहायला जायचं म्हटलं की आपली मंडळी घराजवळचं मोठं ॲक्वाटिक सेंटर गाठतात, तिथं घसरगुंड्या असतात, कॅफेत चिप्स मिळतात आणि आत शिरल्या शिरल्या क्लोरीनच्या वासानं डोळे चुरचुरायला लागतात. आमच्या बाजूलाही असंच एक आहे, नाव घेत नाही, शनिवारी पोरांना घेऊन तिकडं गेलं की निम्मा वेळ पार्किंग शोधण्यात आणि निम्मा ते लॉकर उघडण्यात जातो, पोहणं आपलं उरलं तर उरलं. त्यापेक्षा जरा लांब पडलं तरी चालेल म्हणून आम्ही फिट्झरॉयला जायला लागलो आणि आता दुसरीकडं जायचं नाव निघालं की पोरंच तोंड वाकडं करतात.

आधी एक सांगते, म्हणजे घोळ नको. फिट्झरॉय गार्डन्स म्हणजे फिट्झरॉय नव्हे. ते कॅप्टन कूकच्या आईवडिलांचं घर ठेवलेलं गार्डन, जिथं इंडियाहून आलेल्या प्रत्येक पाहुण्याला नेऊन आपण फोटो काढतो ना, ते ईस्ट मेलबर्नमध्ये आहे. पूल आहे अलेक्झांड्रा परेड आणि यंग स्ट्रीटच्या कोपऱ्यावर, सिटीच्या उत्तरेला. ५० मीटरचा, उघड्यावरचा, पाणी गरम केलेलं, त्यामुळं जुलैतल्या थंडीतसुद्धा लोक पोहत असतात आणि पाण्यावर वाफ दिसते. लहान पोरांसाठी वेगळा छोटा पूल, बाजूला जिम, सौना, स्टीम एवढं आहे. घसरगुंडी नाही. लाटा नाहीत. पाणी, आकाश आणि कडेला स्टेडियमसारख्या पायऱ्या, तिथं टॉवेल टाकून उन्हाला पडायचं. हा पूल १९०८ सालचा आहे, आता सांगा आपल्यातल्या कुणाच्या पणजोबांनी तेव्हा गरम पाण्याच्या तलावाचा विचार केला होता, अर्थात तेव्हा इथंही पाणी गारच असणार.

ह्या सगळ्यात इतिहास कुठून आला, तर बाबांमुळं. बाबा सातारा जिल्ह्यातल्या एका नगरपालिकेत घरपट्टी विभागातनं रिटायर झाले, इकडं आले की समुद्रबिमुद्र त्यांना काही बघायचं नसतं, पण कुठं कोनशिला दिसली की चष्मा पुसून वाचत उभे राहतात. पूलवर आले ते पोहायला नाही, नातवंडांचे टॉवेल सांभाळायला. पायऱ्यांवर बसल्या बसल्या पहिला प्रश्न, "अगं, हे चालवतं कोण? खासगी का महापालिकेचं?" मी म्हटलं बाबा, यारा कौन्सिलचं आहे. "मग ह्याला फिट्झरॉय पूल का म्हणतात, यारा पूल का नाही?" मी सांगितलं की पूर्वी फिट्झरॉयची स्वतःची कौन्सिल होती, ती १९९४ मध्ये बंद केली. झालं. माणूस असा काही सावरून बसला की विचारू नका, म्हणाले हद्दवाढ झाली म्हण की, सांग सगळं पहिल्यापासनं. मग काय, वाचणं आलं. टाऊन हॉलमधल्या लायब्ररीत स्थानिक इतिहासाचं बरंच काही आहे, तिथं आम्ही दोघं जाऊन बसलो, पोरं आणि नवरा पाण्यात.

तर आता पूलचा रिव्ह्यू जरा बाजूला ठेवते, कारण ही कौन्सिल माहीत नसेल तर तो पूल नुसता एक जुना पूल वाटेल.

ही मूळची वुरुंजेरी लोकांची भूमी. मेलबर्न वसल्यावर तीन-चार वर्षांतच, १८३८-३९ मध्ये, सरकारनं गावाबाहेरच्या जमिनीचे मोठे तुकडे लिलावात काढले, त्यातला हा भाग. घेणाऱ्यांनी प्लॉटिंग करून विकलं आणि ज्याला जसं जमेल तसे रस्ते काढले, म्हणून आजही इथल्या गल्ल्या कुठंतरी एकदम संपतात. ह्याला आधी न्यूटाऊन म्हणायचे, मेलबर्नचं पहिलं उपनगर. १८५० मध्ये मेलबर्न कौन्सिलचा एक वॉर्ड झाला आणि त्याला न्यू साऊथ वेल्सचे गव्हर्नर सर चार्ल्स फिट्झरॉय यांचं नाव दिलं. हे चार्ल्स म्हणजे डार्विन ज्या बीगल जहाजावरनं गेला त्याच्या कप्तानाचे, रॉबर्ट फिट्झरॉयचे सावत्र भाऊ, आणि तो रॉबर्ट पुढं हवामानाचा अंदाज देणारं खातं काढून बसला. मेलबर्नच्या हवेत कुणाच्या तरी भावाचं नाव असं येऊन पडावं, गंमतच.

मग सोनं सापडलं, त्यामागं माणसं लोटली, आणि आपली पट्टी मेलबर्नवाले घेतात पण आपल्याकडं ना गटार ना रस्ता ही तक्रार सुरू झाली. १८५४ च्या कायद्यानं लोकांना स्वतःची नगरपालिका मागता यायची, तशी ह्यांनी मागितली, आणि सप्टेंबर १८५८ मध्ये फिट्झरॉय मेलबर्नपासून वेगळं झालं. १८७० मध्ये टाऊन, १८७८ मध्ये सिटी. आता सिटी म्हटल्यावर केवढं असेल असं वाटतं, पण अख्ख्या सिटीचं क्षेत्रफळ चार चौरस किलोमीटरसुद्धा नव्हतं. बाबांनी दोनदा विचारलं, चार का चाळीस. चारसुद्धा नाही! एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला माणूस जेवून शतपावली करत जाऊन येईल. पण एवढ्याशा जागेचा महापौर होता, टाऊन हॉल होता, कोर्ट होतं, आणि १९०८ पासून स्वतःचा तलाव.

तलाव कशासाठी, तर आजच्यासारखं फिटनेससाठी नाही. तेव्हाचं फिट्झरॉय म्हणजे कारखाने आणि कामगारांची चिकटून चिकटून बांधलेली घरं, मागं निळसर दगडांच्या अरुंद गल्ल्या, मुंबईत हाऊस गल्ली म्हणतात ना त्याच कामाच्या, मैला उचलणाऱ्या गाड्या तिथनं जायच्या. आता त्याच गल्ल्यांत लोक लग्नाचे फोटो काढतात. आणि ज्या अलेक्झांड्रा परेडवर हा पूल आहे ती पूर्वी रायली स्ट्रीट होती, तिथनं एक उघडा मोठा नाला वाहायचा, नुसती घाण. म्हणजे जिथं नाल्याच्या वासानं नाक धरून चालायचं, त्याच रस्त्यावर कौन्सिलनं पोरांना पोहायला पाणी केलं. बाबा म्हणाले ठराव कुणी मांडला असेल त्याचं नाव पाहिजे होतं.

आता ती भिंतीवरची पाटी. पूलच्या खोल बाजूला भिंतीवर मोठ्या अक्षरांत डेंजर, डीप वॉटर लिहिलंय आणि त्याखाली इटालियनमध्ये 'आक्वा प्रोफोन्दा'. दुसऱ्या महायुद्धानंतर ह्या भागात इटालियन आणि ग्रीक कुटुंबं खूप आली, घरं स्वस्त होती, कारखान्यात काम होतं. त्यांची पोरं उन्हाळ्यात पूलवर यायची, इंग्रजी येत नसायचं, खोल बाजूला उड्या मारायची आणि मग धावाधाव. १९५० च्या दशकात तिथल्या मॅनेजरनं, जेम्स मर्फी त्यांचं नाव, वैतागून म्हणा किंवा काळजीनं म्हणा, भिंतीवर त्यांच्या भाषेत लिहून घेतलं. स्पेलिंगमध्ये एक अक्षर राहिलंय, ते तसंच ठेवलंय, कारण आता ती पाटी राज्याच्या हेरिटेज रजिस्टरवर आहे, हात लावायची सोय नाही. मला ह्यात आवडतं ते हे की कुणी कमिटी बसली नाही, बहुभाषिक धोरण आलं नाही, रोज पाण्याशेजारी उभ्या असणाऱ्या माणसाला कळलं की ही पोरं बुडतील आणि त्यानं रंग आणला. एवढ्या छोट्या कौन्सिलात मॅनेजरला गिऱ्हाईक नावानिशी माहीत असणार, आमच्याकडं मला माझ्या मेंबरशिपच्या नंबरानं ओळखतात.

मग १९९४. हा भाग जरा नीट सांगते कारण बाबांना इथं सगळ्यात जास्त रस होता. १९९२ च्या ऑक्टोबरमध्ये व्हिक्टोरियात, म्हणजे मेलबर्न ज्या राज्यात आहे तिथं, जेफ केनेट यांचं सरकार आलं, राज्य कर्जात बुडालेलं, आणि त्यांनी जे काही कापाकापीचं सत्र लावलं त्यात शाळा गेल्या, ट्रामचे कंडक्टर गेले आणि कौन्सिलंही गेली. राज्यात २१० कौन्सिलं होती त्यांची ७८ केली. निवडून आलेल्या नगरसेवकांना घरी पाठवलं आणि जागोजागी सरकारनं नेमलेले कमिशनर बसवले, आपल्या भाषेत प्रशासक. वर असा कायदा की कौन्सिलच्या कामांपैकी एवढी एवढी कामं टेंडर काढूनच द्यायची, पुढं पुढं निम्म्या खर्चापर्यंत. २२ जून १९९४ ला फिट्झरॉय, कॉलिंगवूड आणि रिचमंड ह्या तीन सिट्या एकत्र करून सिटी ऑफ यारा केली, वर मेलबर्नकडनं कार्लटन नॉर्थ आणि नॉर्थकोटकडनं अल्फिंग्टन-फेअरफिल्डचा थोडा तुकडा जोडला. फिट्झरॉयची कौन्सिल १३६ वर्षांची होती. आणि कुणाबरोबर घातली तर कॉलिंगवूडबरोबर! स्मिथ स्ट्रीट ही दोघांची हद्द, एका फूटपाथवर फिट्झरॉय आणि दुसऱ्यावर कॉलिंगवूड, फुटबॉलमध्ये पिढ्यानपिढ्याचं वैर. रिचमंडचं तर बोलायलाच नको, १९१९ मध्ये फिट्झरॉयच्या आणि रिचमंडच्या गुंडांच्या टोळ्या रस्त्यात एकमेकांवर गोळ्या झाडत होत्या. सगळे एका घरपट्टीच्या बिलावर.

आता तीन कौन्सिलं एक झाली म्हणजे तीन टाऊन हॉल झाले आणि तीन पूल झाले. कागदावर बघणाऱ्याला त्यातला एक जास्तीच दिसणार. कमिशनरांनी त्याच वर्षी जाहीर केलं की फिट्झरॉयचा पूल बंद, चालवायला परवडत नाही आणि दुरुस्तीचा खर्च मोठा आहे. त्यांचा हिशेब अगदीच खोटा होता असं मी म्हणणार नाही, जुना पूल म्हणजे पांढरा हत्ती असतो, पाईप गळतात, बॉयलर बदलायला लागतो. पण ज्या लोकांची कौन्सिल सहा महिने आधी त्यांना न विचारता काढून घेतली त्यांना आता तलावही न विचारता जातोय म्हटल्यावर काय होणार, ते झालं. पाणी काढलेल्या त्या कोरड्या टाकीत लोक जाऊन बसले. म्हातारे इटालियन, सरकारी घरांच्या टॉवरमधली कुटुंबं, बॅंडवाली पोरं, बाबागाडीतली बाळं. गाणी झाली, सभा झाल्या, हजारांनी माणसं जमली, रात्री पहारे दिले, आणि महिना-दीड महिन्यानं कमिशनरांनी माघार घेतली. पूल परत भरला. ज्या भिंतीवर ती इटालियन पाटी आहे तिच्या खालीच हे सगळं चाललं होतं.

हे ऐकताना बाबा अगदी गप्प. मग म्हणाले, "प्रशासक असला की फाईल भराभर हलते, खोटं नाही. पण नळाला पाणी आलं नाही तर बाईनं शिव्या कुणाला घालायच्या?" आपल्याकडं मुंबई, पुणे सगळीकडं २०२२ पासून कित्येक वर्षं प्रशासकच होते, त्यामुळं ह्या विषयावर बाबांचं आणि नवऱ्याचं परतीच्या ट्राममध्ये जे भांडण झालं ते इथं लिहीत नाही. नवऱ्याचं म्हणणं, चार किलोमीटरची कौन्सिल ठेवणं म्हणजे पैशाचा चुराडा, मोठी झाली की कचऱ्याचा ठेका स्वस्तात पडतो. यारामध्ये १९९६ ला परत निवडणूक झाली आणि नगरसेवक आले, हेही त्यानं चार वेळा सांगितलं. दोघांचंही बरोबर आहे असं म्हटलं तर दोघंही चिडतात.

बरं, पोहणं. लेन रुंद आहेत, स्लो-मीडियम-फास्टचे बोर्ड असतात आणि लोक ते खरंच पाळतात. सकाळी लवकर गेलात तर ऑफिसवाले मान खाली घालून फेऱ्या मारणारे, कुणी कुणाशी बोलत नाही. दहानंतर म्हाताऱ्यांची वेळ, हे खरे मालक, पायऱ्यांवर ठरलेल्या जागी बसतात, तिथं चुकून टॉवेल टाकलात तर काही म्हणणार नाहीत पण बघतील असं की तुम्हीच उचलाल. दुपारी शाळा सुटली की पोरं. आपल्या बायकांना नेहमीचा प्रश्न असतो कपड्यांचा, तर सांगते, मी लांब बाह्यांचा आणि गुडघ्याखाली येणारा घालते, माझ्या शेजारच्या लेनमध्ये सोमाली मुली अख्खं अंग झाकलेल्या सूटमध्ये पोहतात, पलीकडं पायऱ्यांवर एखादी आजी बिकिनीत पेपर वाचते. कुणी कुणाकडं ढुंकून बघत नाही. हे सुख मला बाकी कुठंही एवढं मिळालेलं नाही.

पाण्यात उताणं तरंगताना आवाज येतो तो गाड्यांचा, कारण शेजारी अलेक्झांड्रा परेड वाहतेय. त्यातही एक गोष्ट आहे. ईस्टर्न फ्रीवे होडल स्ट्रीटपाशी संपतो आणि सगळं ट्रॅफिक ह्या रस्त्यावर येऊन ओततं. १९७७ मध्ये तो उघडायच्या वेळी इथल्या लोकांनी रस्त्यावर अडथळे रचून बॅरिकेड उभी केली होती, आणि फिट्झरॉय-कॉलिंगवूडच्या कौन्सिलांचा त्या फ्रीवेला विरोधच होता. फ्रीवे झालाच, पण तिथंच थांबला. पुढं सरकारनं ह्याच परेडखालनं बोगदा काढून तो पलीकडं सिटीलिंक नावाच्या टोलरस्त्याला जोडायचं ठरवलं, २०१४ मध्ये करारही केले, मग सरकार बदललं आणि २०१५ मध्ये ते रद्द केले, न झालेल्या रस्त्यासाठी एक अब्ज डॉलरहून जास्त गेले. आपण बारामती-पुणे रस्त्यावरनं उगाच ओरडतो.

पूल झाला की लगेच गाडीत बसू नका, नेपियर स्ट्रीटनं दक्षिणेला चालत टाऊन हॉलपर्यंत जा. पहिला भाग आधीचा आणि मग १८८७ ते १८९० मध्ये तो वाढवून हा एवढा थाटाचा केला. वास्तुविशारद जॉर्ज जॉन्सन, आणि ह्याच माणसानं त्याच सुमाराला शेजारच्या कॉलिंगवूडचाही टाऊन हॉल केला, म्हणजे दोन शेजाऱ्यांनी एकाच मिस्त्रीकडनं एकमेकांपेक्षा भारी घर बांधून घ्यायचं ठरवलेलं. त्यानंतर लगेच बाजार कोसळला आणि १८९० च्या दशकात मेलबर्नमध्ये बँका बुडाल्या. फिट्झरॉयचा हॉल बघितला की कळतं की पैसा कधी होता. आतमध्ये लायब्ररी आहे, एसी आहे, टॉयलेट स्वच्छ आहे, हेही रिव्ह्यूत लिहायला पाहिजे.

पोरांना कंटाळा येऊ नये म्हणून फ्रेडोची गोष्ट सांगा. फ्रेडो म्हणजे तो बेडकाचा चॉकलेट, जो शाळेच्या फंडरेझिंगच्या बॉक्समधनं घरी येतो आणि आपण ऑफिसात लाजत लाजत एकेकाच्या टेबलावर विकतो आणि उरलेले स्वतःच विकत घेऊन खातो. त्या बेडकाचं गाव फिट्झरॉय. मॅकफर्सन रॉबर्टसन नावाच्या माणसानं १८८० मध्ये इथल्या आपल्या घराच्या बाथरूममध्ये गोळ्या बनवायला सुरुवात केली, पुढं एवढे कारखाने झाले की सगळे पांढरे रंगवून टाकले आणि लोक त्या भागाला व्हाइट सिटी म्हणायला लागले. चेरी राइप १९२४, फ्रेडो १९३०, आणि १९६७ मध्ये धंदा कॅडबरीला गेला. आणि हो, ज्या मॅकरॉब गर्ल्स हायस्कूलच्या एंट्रन्ससाठी आपल्याकडच्या मुली पाचवीपासून क्लासला जातात, ती शाळा ह्याच माणसाच्या देणगीतनं १९३४ मध्ये उभी राहिली. बेडूक विकून सिलेक्टिव्ह स्कूल. माझ्या मुलीनं हे ऐकून विचारलं मग परीक्षेऐवजी मी चार बॉक्स जास्त विकले तर चालतील का.

टाऊन हॉलपासून जवळच ॲथर्टन गार्डन्सचे चार वीस मजली टॉवर दिसतात. तिथं आधी जी छोटी घरं होती ती १९६० च्या दशकात राज्याच्या हाउसिंग कमिशननं झोपडपट्टी म्हणून पाडली. इथं मी जरा थांबते, कारण जुन्या फिट्झरॉयबद्दल हल्ली लोक असं बोलतात की जणू रामराज्य होतं. नव्हतं. कौन्सिलच्या नाकासमोर पिढ्यानपिढ्या माणसं ओलीनं भरलेल्या खोल्यांत राहत होती, १९३० च्या मंदीत तर फारच हाल, आणि मोठा बदल झाला तो कौन्सिलनं नाही, वरनं राज्यानं केला, तोही बुलडोझरनं. पहिली व्हिएतनामी, नंतर पूर्व आफ्रिकी कुटुंबं ह्या टॉवरमध्ये आली, आणि आता २०२३ मध्ये सरकारनं मेलबर्नचे असले सगळे ४४ टॉवर २०५१ पर्यंत पाडून नवे बांधायचं जाहीर केलंय, त्यात हेही आहेत. दरम्यान बाजूच्या गल्लीतलं कामगाराचं दीड खोलीचं घर मिलियनच्या वर गेलंय. कॉफीही तशीच, पूलच्या तिकिटाशी तुलना करू नका, त्रास होतो.

शेजारी गर्ट्रूड स्ट्रीट. आज तिथं महागडी दुकानं आहेत, पण विसाव्या शतकात मेलबर्नच्या ॲबोरिजिनल समाजाचं हे मुख्य ठिकाण होतं, १९७३ मध्ये त्यांनी स्वतःची आरोग्यसेवा ह्याच रस्त्यावर सुरू केली, ती अजून फिट्झरॉयमध्येच आहे. पास्टर डग निकल्स ह्यांचं चर्चही इथंच होतं, गोर स्ट्रीटवर. ते १९३० च्या दशकात फिट्झरॉयकडनं फुटबॉल खेळले, नंतर सर झाले आणि १९७६ मध्ये साऊथ ऑस्ट्रेलियाचे गव्हर्नर. दरवर्षी एएफएलमध्ये, म्हणजे इथल्या फुटबॉलच्या मुख्य लीगमध्ये, सर डग निकल्स राउंड असतो, पोरांच्या शाळेत त्यावर चित्रं काढायला लावतात, पण तो माणूस ह्या गल्लीतला हे शाळेनं कधी सांगितलं नव्हतं.

फुटबॉलचं म्हणाल तर क्लबही कौन्सिलच्या मागोमाग गेला. १८८३ मध्ये स्थापना, आठ प्रीमियरशिप म्हणजे विजेतेपदं, शेवटचं १९४४ चं, आणि पैसे संपल्यावर १९९६ मध्ये ब्रिस्बेन बेअर्समध्ये विलीन करून ब्रिस्बेन लायन्स. दोन वर्षांच्या अंतरानं गावाची कौन्सिल आणि गावाची टीम, दोन्ही गेली. लायन्स २०२४ आणि २०२५ ला जिंकले तेव्हा पूलच्या पायऱ्यांवरचे काही म्हातारे खूश होते आणि काहींनी तोंड फिरवलं, एकानं मला सांगितलं की मुलगी दुसऱ्या गावी लग्न होऊन गेली तरी मुलगीच की, दुसरा म्हणाला पळवून नेली. एडिनबरा गार्डन्समध्ये ब्रन्सविक स्ट्रीट ओव्हलवर १८८८ चं लाकडी ग्रॅंडस्टँड अजून आहे आणि फिट्झरॉय नावाची टीम हौशी लीगमध्ये तिथं खेळते, तिकीटबिकीट न काढता कडेला उभं राहून बघता येतं.

आता कापलेला अर्धा स्टार. एक पाव अंतराचा, त्यात पूलचा काय दोष, पण आमच्या टार्नीटहून, म्हणजे पार पश्चिमेच्या उपनगरातनं, निघायचं म्हणजे पोरांचं आवरून घराबाहेर पडेपर्यंत ऊन डोक्यावर येतं. दुसरा पाव सावलीचा. उघड्यावरचा पूल, पायऱ्या उन्हात, आणि मेलबर्नचं उन्हाळ्यातलं ऊन भाजून काढतं, तेव्हा पोरांना पूर्ण बाह्यांचे रॅश व्हेस्ट, टोपी आणि सनस्क्रीन हे घरनंच घालून न्या. अडतीस-चाळीस डिग्रीच्या दिवशी अख्खं मेलबर्न तिथं असतं, त्या दिवशी शांत पोहायचं स्वप्न बघू नका, पण गंमत बघायला मात्र तोच दिवस चांगला.

जायचं कसं: गाडी शक्यतो नकोच, आजूबाजूला रहिवाशांचं परमिट पार्किंग आहे आणि पाट्या वाचता वाचता दंड बसतो. टार्नीट किंवा विंडम व्हेलवरनं व्ही-लाइनची ट्रेन धरून सिटीतलं सदर्न क्रॉस स्टेशन, बाहेर कॉलिन्स स्ट्रीटवर ११ नंबरची ट्राम, वेस्ट प्रेस्टनकडं जाणारी, ती सरळ ब्रन्सविक स्ट्रीटनं वर जाते. अलेक्झांड्रा परेडला उतरून पूर्वेकडं एक गल्ली चाललं की आलंच. सिटीतला फुकट ट्रामचा भाग फिट्झरॉयच्या आधीच संपतो, तेव्हा मायकी, म्हणजे तिकिटाचं कार्ड, टच करा. तिकिटाचे दर आणि वेळा यारा कौन्सिलच्या वेबसाईटवर बघून निघा, सुट्टीच्या दिवशी वेळा बदलतात. आणि मॅपमध्ये फिट्झरॉय स्विमिंग पूल असं पूर्ण टाका, नुसतं फिट्झरॉय टाकून माझी नणंद तासभर कॅप्टन कूकच्या घरासमोर टॉवेल घेऊन उभी होती.